पुंजाजींची अगरबत्ती

वडिलांमागे मला त्यांची वकिली मिळाली, त्यांचं पित्त मिळालं आणि त्यांची अँबॅसिडर मिळाली. वकिली आणि पित्त एकमेकांना सांभाळून घेतात. गाडीला मात्र एक अट जोडलेली होती. ती मृत्युपत्रात नव्हती, पण बाबांनी आयुष्यभर इतक्यांदा सांगितली होती की लिहायची गरजच नव्हती. या गाडीचं बोनेट अकोल्याच्या पुंजाजींशिवाय कोणी उघडायचं नाही. अमरावतीत मेकॅनिकांचा दुष्काळ आहे असं नाही. पण बाबांची सुरुवातीची वकिली अकोल्याची, गाडी घेतली तीही तिथेच, आणि एकदा माणूस धरला की सोडायचा नाही हा त्यांचा स्वभाव. त्यामुळे गाडी शिंकली तरी नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर जायचं. मी पंचावन्न ओलांडली तरी जात होतो.

पुंजाजी इंगळे यांचं गॅरेज म्हणजे डाबकी रोडवरच्या त्यांच्या घरापुढे टाकलेली पत्र्याची शेड. पाटी नाही. गॅरेज म्हटलं की रेडिओ, ठोकाठोक आणि शिव्या आठवतात, त्यातलं तिथे काही नव्हतं. शेडमध्ये शिरलं की पुंजाजी उजव्या हाताचा तळवा वर करायचे. म्हणजे गप्प बसा. मग फोन बंद करायला लावायचे. मग मडगार्डवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायचे, कोणाच्या घरी गेल्यासारखं, आणि त्यानंतरच बोनेट उघडायचे. अंगात पांढरा शर्ट, इस्त्रीचा. मिस्त्री माणसाने पांढरा शर्ट घालावा यात थोडा माज होता, पण तो त्यांना शोभायचा. दिवसाअखेर त्यांचं काळं झालेलं असायचं ते फक्त उजव्या हाताचं पहिलं बोट.

त्यांचं खरं हत्यार म्हणजे कान. जुन्या गाड्यांना एक आजार असतो. इंजिनाने हवा घ्यायची ती कार्बोरेटरच्या तोंडातूनच. पण एखादं पॅकिंग सुकलं, नळी चिरली, जोड सैल झाला की इंजिन तिथूनही हवा ओढायला लागतं. मग पेट्रोल आणि हवेचा मेळ बिघडतो. गाडी पळताना शहाण्यासारखी पळते आणि सिग्नलला थांबली की धापा टाकून बंद पडते. मिस्त्री लोक म्हणतात, गाडी हवा घेते. ही फट केसाएवढी असते, डोळ्यांना दिसत नाही. तिला फक्त आवाज असतो, दातांच्या फटीतून श्वास ओढल्यासारखा. इतर मिस्त्री अंदाजाने चार पॅकिंग बदलून पाहत. पुंजाजी दोन हात लांब रबरी नळीचं एक टोक कानात घालत, दुसरं टोक चालू इंजिनावर हळूहळू फिरवत, एका ठिकाणी थांबत आणि म्हणत, "इथं पिऊन राहिली." फट तिथेच असायची.

बाबांना हे पटत नसे. कान तुमचा, ऐकलं तुम्ही, आणि खर्च माझा, हे कोणत्या कोर्टात चालेल, असं त्यांनी एकदा विचारलं. पुरावा दाखवा म्हणाले. पुंजाजींनी नळी खाली ठेवली. इंजिनाच्या पंख्याचा वारा लागू नये म्हणून त्याचा पट्टा उतरवला, पेट्रोलचा ओलावा फडक्याने कोरडा केला, शेजारी ओलं पोतं आणून ठेवलं आणि घरात जाऊन देवापुढची अगरबत्ती पेटवून आणली. इंजिन चालू केलं. धूर सरळ वर जात होता. अगरबत्ती त्या जोडापाशी नेली तसा धूर वाकला आणि जोडात शिरला. बाबांनी चष्मा लावून पाहिलं, एकदा काढून पाहिलं, आणि साक्षीदार चांगला आहे, उलटतपासणीत फुटायचा नाही, असा निकाल दिला. तेव्हापासून शंकेखोर गिऱ्हाईक आलं की पुंजाजी अगरबत्ती लावू लागले. स्वतःसाठी मात्र कधी लावली नाही. "ज्याले कान नाई त्याच्यासाठी हाये हे," ते म्हणत. "मले नाई लागत." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची मोजदाद नाही.

शेंदूरजनाघाटचा एक संत्र्याचा बागवाला आपली जीप घेऊन त्यांच्याकडे आला होता. अगरबत्ती पेटलेली पाहताच त्याने चपला काढल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि हात जोडून उभा राहिला. फट सापडली, पाना फिरला, जीप सुतासारखी सरळ झाली. पुढच्या महिन्यात तो नारळ आणि पोतंभर संत्री घेऊन हजर. कोणत्या देवाची अगरबत्ती होती ते त्याला हवं होतं, कारण त्याची मोटारही नीट पाणी ओढत नव्हती. पुंजाजी चिडले. देव नाही बापा, हवा आहे, असं त्यांनी परोपरीने समजावलं. माणूस हसून मान हलवत राहिला, गुपित सांगायचं नसेल तर नका सांगू अशा चेहऱ्याने. काकूंनी, म्हणजे पुंजाजींच्या बायकोने, संत्री ठेवून घेतली.

दुसरी गोष्ट बाबा बाररूममध्ये नेहमी सांगायचे. चांदूर रेल्वेच्या एका मुख्याध्यापकांची गाडी पुंजाजींनी दुरुस्त करून दिली. गाडी संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याध्यापक दात घासत अंगणात आले तर पुंजाजी फाटकाशी उभे, हातात एक पाना. जेवताना त्यांना गाडी निघतानाचा आवाज पुन्हा आठवला होता आणि त्यात काहीतरी खटकलं होतं. पहाटेची रेल्वे धरून ते आले होते. एक नट अर्धा आटा फिरवला, चहा घेतला आणि परत गेले. मुख्याध्यापकांना गाडीत काही वावगं जाणवलंच नव्हतं. अशी गोष्ट सांगताना बाबांच्या आवाजात जो आदर असायचा तो माझ्या एलएलबीच्या निकालाच्या दिवशीही नव्हता.

तिसरी गोष्ट माझ्या लग्नाची. सासर अकोल्याचं. वरात याच गाडीतून निघाली आणि मूर्तिजापूर सोडल्यावर गाडी हवा घ्यायला लागली. थांबली की बंद. अकोल्यात शिरताना आम्ही मांडवाकडे न जाता आधी डाबकी रोडला गेलो. मी मुंडावळ्या बांधून शेडमध्ये उभा. पुंजाजींनी नळी लावली आणि कार्बोरेटरच्या बुडाखालचं पॅकिंग गेल्याचं सांगितलं. नवीन आणायला दुकान बंद, आणि मुहूर्त तासावर. त्यांनी गाडीत इकडेतिकडे पाहिलं. मागच्या सीटवर उरलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, चांगल्या जाड कार्डाच्या. एक उचलली, कात्रीने चौकोन कापला, चार भोकं पाडली आणि बसवून टाकली. गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली. हे चार दिवसांचं आहे, लग्न उरकलं की आणा, पक्कं टाकून देतो, असं ते बाबांना म्हणाले. लग्न उरकलं, वर्षं उरकली, गाडी चालत राहिली आणि कोणालाही त्या पत्रिकेची आठवण राहिली नाही. निदान मला असं वाटत होतं.

बाबा होते तोवर पुंजाजी मला बाबू म्हणायचे. बाबांच्या तेराव्याला ते अमरावतीला आले, पानावरून उठले आणि निघताना मला म्हणाले, "येतो, वकीलसाहेब." त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की बाबा खरंच गेले.

यंदाच्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा हवा घ्यायला लागली. गार असताना ठीक, तापली की सिग्नलला मरायची. राजकमल चौकात भर दुपारी तीनदा बंद पडली आणि मागच्या ऑटोवाल्यांनी माझ्या वयाचाही मुलाहिजा ठेवला नाही. अकोल्याला फोन लावला तो काकूंनी उचलला. मुलगा नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात आहे, त्याने तिकडे घर घेतलंय, महिनाअखेर शेड मोकळी करून आम्ही जाणार, असं त्या म्हणाल्या. तुमची गाडी तेवढी ते घेतील. हीच शेवटची. पुंजाजींनी तसं ठरवलंच होतं: वकीलसाहेबांची गाडी ठणठणीत करून पाठवायची आणि मग कुलूप लावायचं.

त्या महिन्यात मी चार वेळा अकोल्याला गेलो. अकोल्याचं ऊन काय असतं ते अमरावतीच्या माणसाला सांगायला नको, तरी दर वेळी ते नव्याने कळतं. गाडी तिथे ठेवायची, बसने परत यायचं, दोन दिवस कोर्ट, पुन्हा बस. पुंजाजींनी शेडच्या फरशीवर खडूने इंजिनाचं चित्र काढलं होतं आणि जिथे जिथे फट असू शकते तिथे टिंब. नळी लावून ऐकायचं, जोडावर रॉकेलचा थेंब सोडून इंजिनाचा सूर बदलतो का ऐकायचं, आणि आवाज नसेल तर त्या टिंबावर फुली. दुसऱ्या खेपेला निम्म्या फुल्या झाल्या होत्या. तिसऱ्या खेपेला सगळ्या. गाडी तशीच धापा टाकत होती. पुंजाजी फरशीवर उकिडवे बसून त्या चित्राकडे पाहत राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, शर्ट तसाच पांढरा, पण मानेजवळ आता सैल झालेला.

मला कधी कळलं हे नक्की सांगता येत नाही. दुसऱ्या खेपेलाच स्वयंपाकघरात कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या झाल्या आणि एरवी जरा आवाज झाला की तळवा वर करणाऱ्या माणसाने मान उचलली नाही. काकू हाक मारत नव्हत्या, समोर येऊन हात हलवत होत्या. मी पाठमोरा बोललो की उत्तर मिळत नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला कळलं ते तिसऱ्या खेपेला. कार्बोरेटरच्या बुडाशी, मागच्या अंगाला, त्यांनी रॉकेलचा थेंब सोडला आणि इंजिनाचा सूर बदलला. जरासाच, पण बदलला. मी ऐकला. त्यांनी नळी कानाला लावली, डोळे मिटले, मान हलवली आणि खाली वाकून त्या टिंबावर फुली मारली.

मी काही बोललो नाही. पुंजाजींना आवाज सांगणारा मी कोण? त्यांनी ऐकलंच असेल, त्याचा अर्थ काही वेगळा असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि बस धरली. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत मला स्वतःची लाज वाटत राहिली. रोज कोर्टात दुसऱ्यांच्या साक्षी मोडून काढणारा माणूस एका म्हाताऱ्यासमोर तुम्हाला ऐकू येत नाही एवढं म्हणू शकला नव्हता. आणि म्हणायचं तरी कसं? लंगडणाऱ्याला तुझा पाय गेला म्हणून सांगता येतं, कारण ते त्याला आधीच ठाऊक असतं. कान गेलेल्याला काय ऐकू आलं नाही हे कळतच नाही.

चौथ्या खेपेला महिना संपायला तीन दिवस होते. घरात सामानाची गाठोडी बांधून ठेवली होती. पुंजाजी म्हणाले, आता इंजिनच उतरवतो. ते थकले होते. स्वतःच्या घरातल्या वाटेवर भिंतीला हात लावून चालत होते. तीन दिवसांत या वयात इंजिन उतरवणं म्हणजे काय ते मलाही कळत होतं. मी त्यांच्या अगदी समोर उभा राहिलो आणि सावकाश म्हणालो, "पुंजाजी, बाबा असते तर त्यांनी पुरावा मागितला असता. एकदा अगरबत्ती लावा."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मागे काकू उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तुमाले भरोसा नाई राह्यला?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, भरवसा आहे. पुरावाही पाहिजे.

ते आत गेले. येताना हातात पेटलेली अगरबत्ती नव्हती, पुडा होता. पंख्याचा पट्टा उतरवला, ओलावा पुसला, ओलं पोतं ठेवलं. सगळं त्याच क्रमाने, फक्त दुप्पट वेळ लावून. इंजिन तापू दिलं. मग अगरबत्ती पेटवली आणि खडूच्या चित्राप्रमाणे एकेक जोड घेत गेले. धूर सरळ, धूर सरळ. कार्बोरेटरच्या बुडाशी आले, हात मागच्या अंगाला वळवला, आणि धूर वाकला. एक बारीक रेघ होऊन आत शिरला. त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा नेला. पुन्हा मागे घेतला, पुन्हा नेला. मग नळी घेतली, एक टोक तिथे धरलं, दुसरं स्वतःच्या कानात घातलं, आणि काढून माझ्या हातात दिलं. मी कानाला लावलं. आवाज इतका स्पष्ट होता की मला दचकायला झालं.

"येते आवाज?"

मी मान हलवली. त्यांनी नळी परत घेतली, पुन्हा ऐकली, दुसऱ्या कानाला लावून ऐकली. मग वाकून इंजिन बंद केलं.

"चूप हाये म्हंजे बरोबर हाये, असं वाटलं मले, बाबू," ते म्हणाले.

किती वर्षांनी मी पुन्हा बाबू झालो होतो. 

कार्बोरेटर उतरवला. खाली काळा पडलेला, कडेने भाजून आक्रसलेला पत्रिकेचा चौकोन. पेट्रोलने शाई धुऊन नेली होती, पण एका कोपऱ्यात दाबून राहिलेली अक्षरं वाचता येत होती: उपस्थिती हाच. आहेर पुढे कुठेतरी जळून गेला होता. मला हसू आलं, काकूंनाही आलं. पुंजाजी हसले नाहीत. तिथे काय आहे हे त्यांच्या लक्षात होतं, इतकी वर्षं होतं. चार दिवसांचं म्हणून टाकलेलं, आणि आवाज करत नाही तोवर उघडायचं नाही म्हणून राहिलेलं. म्हणून तर त्या टिंबावर त्यांनी तीन वेळा नळी लावली होती, आणि तिन्ही वेळा कानाने सांगितलं होतं की शांत आहे. आपला कान खोटं सांगेल हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

त्यांनी पक्कं पॅकिंग बसवलं. इंजिन सुरू केलं, हात पुसले आणि माझ्याकडे वळले. गाडी कशी आहे ते त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं. मी म्हणालो, उत्तम आहे. ते माझ्या ओठांकडे पाहत होते.

चहा घेताना त्यांनी काकूंना विचारलं की आपल्याला कुकरची शिट्टी कधीपासून ऐकू येत नाही. काकूंनी सरळ सांगितलं, दोन दिवाळ्या झाल्या. इतके दिवस सांगितलं का नाही, असं त्यांनी विचारलं नाही. उठून भिंतीवरची कॅलेंडरं काढून आणली. कोणाची गाडी कोणत्या दिवशी गेली हे काकू त्यांच्यावर लिहून ठेवायच्या. दोन दिवाळ्यांची, म्हणजे कान गेल्यापासूनची पानं त्यांनी खडूच्या चित्रावर पसरली आणि बोट फिरवत एकेक नाव वाचू लागले.

मी म्हणालो, पुंजाजी, जाऊ द्या. काही बिघाड असता तर लोक आले असते.

ओठ वाचून ते म्हणाले, "तुमी आले, मोठ्या वकीलसाहेबाची अट होती म्हून. बाकीचे काहून येतीन? त्याईले वाटलं असन, बुढा संपला."

मी गाडी घेऊन निघालो. आरशात दिसलं, ते अजून फरशीवरच बसले होते.

शेड मोकळी झाली. ते नांदगाव पेठेला राहायला गेले, म्हणजे माझ्यापासून पंधरा-वीस मिनिटांवर, आणि मी एकदाही गेलो नाही. तारखा, ऊन, पित्त. सबबी सांगायच्या तर माझा धंदाच तो आहे.

परवा राजापेठेच्या आतल्या गल्लीतून येत होतो. एका घरापुढे कुणाची तरी जुनी गाडी, बोनेट उघडं, खाली ओलं पोतं. पांढरा शर्ट वाकलेला. उजव्या हातात अगरबत्ती. घरातली माणसं एका ओळीत उभी होती, आणि एका बाईने हळदकुंकवाचं ताट धरलं होतं. सगळ्यांनी हात जोडले होते. पुंजाजींनी त्यांना देव नाही, हवा आहे असं काही सांगितलेलं दिसलं नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशातून कॅलेंडरचं घडी घातलेलं पान वर आलं होतं. डावा तळवा त्यांनी वर केला होता, गप्प बसा म्हणून.

मी गाडी थांबवली. ती बंद पडली नाही. काच खाली करून मी हॉर्न वाजवला, एकदा, मग जरा लांब. ओळीतली सगळी माणसं रागाने माझ्याकडे वळली. पुंजाजी वळले नाहीत. धूर अजून सरळ वर जात होता, आणि ते हात पुढच्या जोडाकडे नेत होते.